खुर्ची नंबर ४२, महिना १,२०० रुपये

आधी हिशेब सांगते, कारण माझं कामच ते. अभ्यासिकेचे महिन्याला १,२०० रुपये, लॉकरचे १५० वेगळे, अनामत ५००. मी महिन्यातले २५ दिवस, रोज दुपारी दीड ते साडेचार बसले. म्हणजे ७५ तास. लॉकर धरून तासाला १८ रुपये पडले. आमच्या ऑफिसखाली चहा आणि क्रीमरोल तेवढ्यात होत नाही.

अभ्यासिकेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. पुण्यात शास्त्री रोडला अलका चौकाकडून आत शिरलात की दर तीन-चार दुकानांमागे एक पाटी दिसते, त्यातलीच ही एक. बाकीच्याही साधारण अशाच असाव्यात.

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. घर धायरीला, त्यामुळे दुपारी जाऊन येणं परवडत नाही. गेली १९ वर्षं ती दुपार मी ऑफिसातच काढली. डबा खायचा, मोबाइल बघायचा, टेबलावर डोकं टेकायचं. आणि २०१६ पासून घरात सगळ्यांना सांगत होते की मला जी.डी.सी. अँड ए. करायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही सहकार खात्याची पदविका. परीक्षा मे महिन्यात, तीन दिवस, रोज दोन पेपर, एकूण सहा, प्रत्येकी १०० गुणांचे. फॉर्म दोनदा भरला, गेले एकदाही नाही. पुस्तकं मात्र घेत राहिले. २०१९ला गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब चं नवं प्रकरण कायद्यात आलं, तेव्हा माझं जुनं पुस्तक घातलेल्या कव्हरसकट बाद झालं. एक पानही उघडलं नव्हतं त्याचं.

करायचंय कशासाठी, तर ऑडिटसाठी. दरवर्षी आमच्याकडे ऑडिटला एक मुलगा येतो. मुलगाच म्हणायचा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी व्हाउचरच्या फायली काढून देते, चहा सांगते, आणि तो हिरव्या पेनाने बरोबरच्या खुणा करत सुटतो. एकदा त्याने विचारलं, "ताई, राखीव निधीला ही रक्कम कुठल्या आधाराने नेलीत?" मी म्हटलं, "मागच्या वर्षी अशीच नेली होती." तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून काही गेलं नाही.

म्हणजे इच्छा होती, कारणही होतं. मग अडत काय होतं? मला वाटायचं, आपल्याला मोटिव्हेशन कमी पडतंय. म्हणून ते विकत घेतलं. एका रविवारी हॉलमध्ये नऊ ते पाचचं शिबिर केलं, २,४९९ रुपये, जेवणासकट. टाळ्या वाजवल्या, शेजारणीच्या डोळ्यांत बघून "मी करू शकते" म्हटलं, ध्येय कागदावर लिहून पाकिटात ठेवलं. मनगटात घालायला रबरी पट्टा मिळाला. तो आता रव्याच्या पुडीला आहे, घट्ट बसतो. त्यानंतर मोबाइलवर सवयी लावणारं एक ॲप, वर्षाचे १,२९९. ते रात्री अकराला आठवण करायचं की आज तुमची साखळी तुटली. ओटा आवरून नुकतं आडवं व्हावं आणि कोणीतरी असं बोलावं! नवव्या दिवशी काढून टाकलं.

अभ्यासिकेत मी गेले तीही काही पेटून उठून नाही. जानेवारीत ऑफिसला रंगकाम निघालं. दुपारी बसायला जागाच उरली नाही, टर्पेंटाइनच्या वासाने डोकं उठायचं. महिनाभराची सोय म्हणून पैसे भरले.

पहिला आठवडा मी झोपले. खरंच सांगते, हातावर डोकं ठेवून झोपायचे, आणि आजूबाजूची पोरं मला न उठवता पानं उलटायची. जवळपास सगळी एमपीएससीवाली. परभणी, बीड, बुलढाणा, कुठून कुठून आलेली. हॉलमध्ये बोलायचं नाही हा नियम, तो पाळतात. पण आवाज असतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली तेव्हापासून ही मुलं लिहीत बसतात, आणि साठ पेनं एकदम कागदावर चालली की पत्र्यावर बारीक पाऊस लागल्यासारखं वाटतं. त्या आवाजात झोप येईनाशी झाली. लाजही असेल. मग पुस्तक उघडलं.

माझ्या शेजारी ४१ नंबरला एक मुलगी. तिच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा असायच्या, पाच-पाचचे गठ्ठे. मला वाटलं, झालेले धडे मोजते. एकदा जिन्यात विचारलं, तर म्हणाली, "नाही काकू, जागेवरून उठले की एक रेघ." फक्त मोजायची, स्वतःला शिक्षा वगैरे काही नाही. मीही सुरू केलं. पहिल्या दिवशी तीन तासांत १७ रेघा. पाणी, फोन, पुन्हा पाणी, खिडकी, लॉकर. एप्रिलमध्ये चारवर आले होते. २,४९९ रुपयांत असलं काही सांगितलं नव्हतं कोणी.

दुसरा एक मुलगा, जिन्यातच भेटला. जिना हीच तिथली बोलायची जागा. विचारतो, "काकू, तुमची जाहिरात कधी येणार?" म्हटलं, "माझी जाहिरात नसते रे, परीक्षा दरवर्षीच असते." तर म्हणाला, "मग तुम्हाला काय टेन्शन!" आणि गेला चहाला. ही मुलं भरतीची जाहिरात कधी येईल, जागा किती निघतील, तारीख पुढे जाईल का, वय बसेल का, यात जगतात. माझी परीक्षा दरवर्षी मे महिन्यात निमूट येत होती, आणि येतेच आहे म्हणून मी सोडत होते. त्या दिवशी मी साडेचारऐवजी पावणेपाचला उठले आणि ऑफिसला धावत पोचले.

वाचलं काय, तर सहकारी संस्था अधिनियम, १९६०. कलम १०१ चे वसुली दाखले मी नोकरीत शेकड्यांनी टाइप केलेत, पण ते कलम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं ते ४२ नंबरच्या खुर्चीवर. आणि कलम ६६ सापडलं: निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला न्यायचा. म्हणजे आमची रक्कम बरोबरच होती. १९ वर्षं बरोबर करत होते, का ते माहीत नसताना.

आता तक्रारी. बायकांसाठी स्वच्छतागृह एकच, तेही वरच्या मजल्यावर, आणि नळ उजवीकडे फिरवला तर चालू होतो. पाण्याच्या फिल्टरवरचा लाल दिवा फेब्रुवारीपासून तसाच आहे. खुर्च्या प्लास्टिकच्या, कंबरेची पन्नाशी जवळ आली असेल तर घरून उशी न्या. आमचा हॉल सगळ्यात वरचा, एप्रिलमध्ये भट्टी होते. एसी हॉलचे १,८०० घेतात, तिथली मुलं शाल पांघरून बसलेली दिसतात. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. मालक म्हणतात, मुद्दाम ठेवलंय. मला नाही पटत. "शांतता राखा" या पाटीखाली बसून तेच स्पीकरवर बोलतात. आणि अनामत आठ दिवसांत परत देतो म्हणाले, मिळायला पाच आठवडे लागले. तीन वेळा मागावी लागली. वसुलीत आयुष्य गेलंय, म्हणून जमलं.

जिन्यात गरुडाचं मोठं पोस्टर आहे, उंच भरारीबद्दल काहीतरी लिहिलेलं. त्याच्यामागे मीटरची पेटी आहे. फ्यूज उडाला की गरुड बाजूला करतात. एरवी त्याच्याकडे कोणी बघताना मी पाहिलं नाही.

मोठ्याने वाचल्याशिवाय डोक्यात जात नाही अशांना ही जागा जमणार नाही. मी कलमं जिन्यात जाऊन म्हणायचे: ८३ चौकशी, ८८ नुकसानीची जबाबदारी, १०१ वसुली. वर-खाली करणारी पोरं बाजूने सरकून जायची, एक-दोन जण पुढचा आकडा सांगायला लागली होती. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना दुपार मोकळी मिळणंच मुश्कील, त्यांना काय सांगणार. माझी लेक बारावीला आहे, आणि शेवटच्या महिन्यात रात्रीचा कुकर तिने लावला. तो खर्च वरच्या १८ रुपयांत धरलेला नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण फिल्टरच्या दिव्याने घालवला, एक अनामतीने.

परीक्षा दिली. सहाही पेपरना बसले. कायद्याचा बरा गेला. लेखाकर्मात एक ताळेबंद ४,५०० रुपयांनी जुळला नाही, तो अजून झोपेत जुळवते आहे. निकाल यायचाय.

शोधत शोधत तुम्ही त्याच अभ्यासिकेत पोचलात, आणि ४२ नंबर रिकामा असला, तर घ्या. पंखा थेट डोक्यावर येत नाही, पानं उडत नाहीत. प्लग तेवढा ढिला आहे, चार्जरखाली दुमडलेला कागद सारावा लागतो. तो मी तिथेच खोचून ठेवलाय.