नळीवर दुकानाचं नाव, आत कारखान्याचा ठसा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका बंदूक-दुकानाचा अनुभव

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ सोनेतारण विभागात. सराफ्यातला आमचा मूल्यांकक दागिना हातात घेतला की आधी वजन करायचा नाही. उलटा करून कडीजवळचा ठसा शोधायचा, मग कसोटीच्या दगडावर रेघ ओढायचा आणि आकडा सगळ्यात शेवटी बोलायचा. घरातल्या रायफलीची किंमत काढायला मी दोन दुकानांत गेले तेव्हा हीच मोजपट्टी माझ्याजवळ होती. पहिल्या दुकानाबद्दल थोडक्यात सांगते. दुसऱ्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण असं काम करणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

रायफल माझ्या आजोबांची. ते दरबारच्या शिकारखान्यात होते. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यातून कधी गोळी झाडल्याचं मला आठवत नाही. दर दसऱ्याला ती पाटावर यायची, तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि परत पेटीत. बाकी ती बाहेर निघायची ती निवडणुकीत ठाण्यात जमा करायला. अण्णा तेव्हा तिला तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वर आईचं जुनं लुगडं बांधून न्यायचे.

मागच्या वर्षी अण्णा गेले. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आम्ही जवळच्या एका दुकानात ठेवलं. इंदूरच्या दादाच्या नावावर आधीच दोन हत्यारं आहेत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. तेव्हा एक तर विकायची, नाहीतर वारसाहक्कानं परवाना मी माझ्या नावावर मागायचा. काहीही ठरवायचं तरी ही नेमकी आहे काय ते आधी कळायला हवं.

पहिल्या दुकानदारानं ती दोन मिनिटं हातात धरली. नळीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ वाचलं आणि म्हणाला, ही कुठल्या कंपनीची नाही, दुकानाच्या नावाचा माल आहे, याला भाव नाही. वर भीतीही घातली, की आर्मीची असेल तर उद्या बंदी बोअरची (खासगी माणसाला ठेवता न येणाऱ्या मापाच्या नळीची) निघेल, त्यापेक्षा आत्ताच देऊन टाका. त्यानं सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही. घरात किती किमतीची वस्तू आहे ते चारचौघांत सांगायचं नाही, ही सवय जुनी आहे. शिवाय म्हणाला, मशीनवर घासून नवं काळं पॉलिश करून देतो, गिऱ्हाईक मिळेल. तेवढ्यावर मी ‘बघते’ म्हणून उठले. न उघडता, न उलटवता सांगितलेला भाव मी बँकेत कधी फाईलला लावला नसता.

दुसरं दुकान जयेंद्रगंजातून आत गेल्यावर एका बोळात आहे. मालकांनी नाव घालू नका म्हणून सांगितलं, म्हणून घालत नाही. लष्कर भागात कुणाही जुन्या परवानाधारकाला विचारलं तर तो नेऊन सोडेल. सत्तरी उलटलेले गृहस्थ आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. ठाण्यातून लेखी परवानगी काढून रायफल तिकडे हलवायला आम्हाला बारा दिवस लागले.

त्यांनी पहिल्यांदा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, मागे ओढला आणि करंगळी नळीच्या मागच्या तोंडात घालून पाहिली. जुनं काडतूस अडकलेलं नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “दीदी, नाम बाद में पढ़ेंगे.”

नळीवरची अक्षरं लाल दिसत होती. आम्हाला लहानपणापासून तो रंगच वाटायचा. उस्तादांनी बांबूची काडी तासून टोकदार केली, रॉकेलमध्ये बुडवली आणि एकेक अक्षर कोरायला लागले. फडक्यावर जे उतरलं ते कुंकू होतं. किती दसऱ्यांचं ते थरांवर थर बसलेलं. कुंकवाखाली ओल धरून दोन ठिकाणी बारीक गंजही आला होता. ‘आर्मी अँड नेव्ही’ तर आम्हाला पाठच होतं, पण त्याच्या पुढचा एक शब्द घरात कुणीच वाचला नव्हता, कारण तो पार बुजलेला होता. काडी फिरली तशी तीन अक्षरं वर आली: सी.एस.एल.

ती अक्षरं म्हणजे ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड’. ज्या नावामुळे आमच्या घरात तीन पिढ्या हिला फौजी रायफल म्हणत होत्या, ते नाव एका दुकानाचं होतं. १८७१ मध्ये इंग्रज लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी आपल्याला माल स्वस्त पडावा म्हणून ही सहकारी संस्था काढली. लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर तिचं भांडार होतं, आणि १८९१ मध्ये तिनं मुंबईत शाखा उघडली. काळा घोड्याजवळची ती इमारत अजून उभी आहे. तंबू, औषधं, चहाची भांडी, घोड्याचं सामान असं सगळं तिथे मिळायचं, आणि बंदुकाही. पण संस्थेचा स्वतःचा बंदुकांचा कारखाना नव्हता. दुसऱ्यांकडून माल घडवून घ्यायचा आणि नळीवर आपलं नाव कोरायचं. कलकत्त्याची मँटन, लायन अँड लायन, रॉडा ही नावंही अशीच, नळीवर कलकत्ता आणि घडण बहुतेक वेळा बर्मिंगहॅमची. (१९१४ मध्ये क्रांतिकारकांनी ज्यांची माउझर पिस्तुलं पळवली ते रॉडा हेच.)

उस्तादांचं म्हणणं असं, की नळीवरचं नाव म्हणजे ज्यानं विकली त्याचं. ज्यानं घडवली त्याचं नाव दुसरीकडे शोधायचं. त्यांनी दस्त्याचे स्क्रू काढले आणि नळी लाकडापासून सोडवली. स्क्रू सैल करायच्या आधी त्या प्रत्येकाची खाच कुठल्या दिशेला आहे ते खडूनं कागदावर काढून ठेवलं. मला कारण कळेना. ते म्हणाले, जुन्या चांगल्या इंग्रजी कामात सगळ्या खाचा नळीच्या रेषेत असतात, त्या वाकड्या दिसल्या तर आधी कुणी तरी अडाणी हात आत घालून गेलाय असं समजायचं. आमच्या रायफलीत सगळ्या सरळ होत्या. कागदावर त्यांनी एक बरोबरची खूण केली.

ॲक्शनवर, म्हणजे काडतूस भरून उडवणाऱ्या यंत्रणेवर, तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेला छोटा ठसा होता. हा बी.एस.ए.चा, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सचा. जुन्या बी.एस.ए. मोटारसायकली पाहिलेल्यांना ही खूण ओळखीची वाटेल. त्याच्याजवळ ‘ली-स्पीड पेटंट्स’. म्हणजे सैन्यातल्या ली रायफलीचीच यंत्रणा, पण शिकारीसाठी नीट घडवलेली, अर्ध्या दस्त्याची, पुढे शिंगाची टोपी, नळीवर नेम धरायला उघडमीट करणारी पानं. बोअर .३१५. भीतीचा प्रश्न इथे मिटला. .३०३ हे सैन्याचं काडतूस, म्हणून खासगी माणसांना ते मिळू नये अशी इंग्रजांची इच्छा होती, आणि त्यामुळे हिंदुस्थानसाठी .३१५ बोअरच्या रायफली बनल्या. आज .३१५ बंदी नसलेल्या बोअरमध्ये येते. अण्णांच्या परवान्यावरही तेच लिहिलेलं होतं. पहिल्या दुकानात तो परवाना मी टेबलावर ठेवला होता, त्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

वय काढायची त्यांची रीत मला फार आवडली. नळीच्या मागच्या जाड भागावर मुकुट आणि त्याखाली बी.पी., दुसऱ्या मुकुटाखाली बी.व्ही. हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे ठसे. तिथे जास्तीच्या दाबाचं काडतूस उडवून नळी टिकते का ते बघतात आणि मगच ठसा मारतात. आपल्या हॉलमार्किंगसारखंच, फक्त इथे परीक्षा प्राणांशी गाठ असलेली. ठशांचा हा नमुना १९०४ पासूनचा. आणि सी.एस.एल. हे नाव १९३४ पर्यंतचं, त्या साली संस्था ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड’ झाली. एक टोक कारखान्याच्या गावानं दिलं, दुसरं दुकानानं. रायफल या तीस वर्षांतली. ज्या दुकानाच्या नावामुळे पहिल्या माणसानं भाव पाडला, त्याच नावानं तिचं वय सांगितलं.

दुकानाच्या नावाचा अजून एक उपयोग आहे. संस्था विकलेल्या प्रत्येक बंदुकीला आपला क्रमांक द्यायची. पुढे तिचं दप्तर हाऊस ऑफ फ्रेझर या ब्रिटिश दुकान-साखळीकडे गेलं आणि बंदुकांच्या नोंदवह्या आता ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. क्रमांक पाठवला तर नोंद शोधता येते. उस्तादांनी आमचा क्रमांक भिंग लावून दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मला वाचायला लावला.

हा प्रकार फक्त इंग्रजांचा नाही. माझा भाचा ओहायोत असतो, त्याला फोटो पाठवले तर तो म्हणाला, मावशी, इकडे तर याचं मोठं शास्त्र आहे. सिअर्स नावाच्या दुकानाच्या शिकारी रायफलींवर जे. सी. हिगिन्स असं नाव असायचं, पुढे टेड विल्यम्स आलं. माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या दुकानाच्या रायफलींवर वेस्टर्न फील्ड. सिअर्सच्या रायफलीचा कारखाना कुठला ते मॉडेल-क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून काढतात, ५८३ असेल तर हाय स्टँडर्ड. टेड विल्यम्स मॉडेल १०० म्हणजे विंचेस्टर ९४च. सहसा अशी जुळी बहीण मूळ नावाच्या रायफलीपेक्षा स्वस्तात जाते. पण हिगिन्स मॉडेल ५० मध्ये बेल्जियमच्या एफ.एन.ची माउझर ॲक्शन आहे, ती जाणणारे लोक मुद्दाम शोधत फिरतात. तिकडे १९६८च्या आधीच्या बऱ्याच .२२ रायफलींवर प्रत्येक नगाचा असा क्रमांकच नसतो, त्यामुळे नसला म्हणजे कुणी खोडला असं होत नाही. आपल्याकडे क्रमांकाशिवाय पान हलत नाही, तेव्हा हे वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये.

भाव सांगायच्या आधी उस्तादांनी नळीत पाहिलं. पुढच्या तोंडाशी पांढरा कागद धरला, त्यावर टॉर्च टाकली, आणि मलाही मागून बघायला दिलं. आत आटे वळत जाताना दिसतात, चकलीच्या सोऱ्यासारखे कडक. शेवटच्या वीतभर भागात देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळीत क्षार सोडायचा, गोळी झाडल्यावर गरम पाण्यानं धुतली नाही तर गंज धरायचाच. आजोबांनी धुतली असणार, नाहीतर एवढंही उरलं नसतं, असं ते म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं.

मग हिशेब. जमेला: बोल्ट आणि नळीचे क्रमांक एकच, अक्षरांच्या कडा धारदार, लाकूड मूळचं, आणि बोअर असं की काडतूस आजही देशात बनतं. त्याच काळातली .३७५ फ्लँज्ड या काडतुसाची रायफल दिसायला हिच्याहून देखणी असली तरी तिला खायला घालायचं काय, असा त्यांचा प्रश्न. शिवाय परदेशी बंदुका सामान्य माणसाला आयात करता येत नाहीत, म्हणून देशात जी आहे तिलाच मागणी. वजावटीला: नळीतले खड्डे, दस्त्याच्या मागच्या टोकाला कुणी तरी बसवलेलं रबर, आणि पट्ट्याची गायब झालेली एक कडी. पॉलिशबद्दल मी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “रगड़ना मत!” मशीनवर घासली की ठसे पुसट होतात, अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि मग ती कोण आहे हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. लाकडाला फक्त जवसाचं तेल, तळहातानं, तेही थेंबभर.

आकडा पहिल्या दुकानाच्या साडेचारपट निघाला. मूल्यांकनाचे त्यांनी सातशे रुपये घेतले, जमा ठेवण्याचं भाडं वेगळं. स्वतः विकत घ्यायची तयारी आहे का, असं मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, ज्या दिवशी भाव सांगतो त्या दिवशी घेत नाही. सोनेतारणात हा नियम आम्ही लेखी करून घ्यायचो, इथे न मागता मिळाला.

उणिवाही आहेत. जमा केल्याच्या पावतीवर आधी नुसतं ‘एक रायफल’ लिहिलं होतं. मी अडून बसले तेव्हा बोअर, दोन्ही क्रमांक आणि ठशांचं वर्णन घातलं. तुम्हीही अडून बसा, हे त्यांच्याकडेच नाही, कुठेही. अहवाल हातानं लिहिलेला, हिंदीत, फोटो नाहीत. फोटो आपल्या मोबाईलवर काढून घ्यावे लागतात, ते काढू देतात. त्यांच्या हाताखाली शिकणारा कुणी मला दिसला नाही आणि याची मला खरोखर काळजी वाटते. भिंड-मुरैन्याकडचे लोक नव्या हत्यारांसाठी कितीही पैसे मोजतात, पण लाकूड उचलून ठसा वाचणारा हात तयार व्हायला बसून शिकावं लागतं.

दुपारी दोन ते चार बंद असतं. बोळात गाडी जात नाही, महाराज बाड्याच्या चौकात लावून चालत या. परवाना, मृत्यूचा दाखला, ठाण्याची परवानगी, तिन्हीच्या दोन दोन प्रती ठेवा. आणि दसऱ्याचं कुंकू लावायचंच असेल तर दस्त्याच्या लाकडावर लावा, नळीवर नको. आमच्याकडे यंदापासून तसंच होईल, मी माझ्या नावानं अर्ज केला आहे. उस्तादांनी स्क्रू परत बसवताना खडूचा तो कागद समोर ठेवला होता. शेवटची खाच केसभर पुढे गेली, ती त्यांनी मागे घेतली, पुन्हा भिंगातून पाहिली, आणि मग रायफल रॅकवर उभी केली.