ओटीपी दिला नाही, तरी 27,300 रुपये गेले

ओटीपी कुणाला दिला नाही, लिंक उघडली नाही, एटीएम कार्ड तर मी कधी घेतलंच नाही. तरी उसाच्या बिलातले 27,300 रुपये गेले. शनिवारी 10,000, रविवारी 10,000, सोमवारी 7,300. म्हणे माझ्याच अंगठ्यावर काढले! मी तर बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्याबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

बँकमित्राकडचं, म्हणजे गावात बँकेतले पैसे काढून देणाऱ्या माणसाकडचं, आधार-अंगठ्याचं मशीन सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला ना पिन लागतो ना ओटीपी. चोर ठसा मिळवतात जमिनीच्या कागदावरून. 2023 मध्ये कर्नाटकात खरेदीखतांवरचे ठसे उचलून खाती साफ केल्याचं उघडकीला आलं होतं. आम्हा भावांचं वाटणीपत्र नुकतंच नोंदवलंय, त्यावर माझा अंगठा आहे. माझा संशय तिथंच आहे. तुम्हीही कागद नोंदवला असेल, तर आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा, म्हणजे तुमचा अंगठा कुणाला वापरता येणार नाही. आधारच्या अधिकृत ॲपवर होतं, पैसे पडत नाहीत.

शनिवारचा तो मेसेज आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. मळणी चालू होती, हाताला भुसा. इंग्रजी मेसेज, 10,000 वजा. पीककर्जाचा हप्ता कापला असेल असं वाटलं, कारण बँक असेच न विचारता कापते. मेसेजात 'एईपीएस' अशी अक्षरं होती. ती म्हणजे आधार-अंगठा, हे खातं उघडताना कुणी सांगितलं होतं? मेसेज मराठीत आला असता तर पुढचे 17,300 वाचले असते. ही अक्षरं दिसली आणि तुम्ही अंगठा लावलेला नसेल, तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

मंगळवारी सकाळीच बँकेत अर्ज दिला. साहेब म्हणाले, अंगठा तुमचाच, आम्ही काय करणार? पोलीस म्हणाले बँकेचं पत्र आणा, बँक म्हणाली एफआयआर आणा. अर्ज मराठीत का, कन्नडमध्ये लिहून आणा. नाळे बर्री, नाळे बर्री, म्हणजे उद्या या, उद्या या! पैसे कापताना भाषा आडवी येत नाही, परत मागताना येते. शेवटी संतापाने ओव्याच लिहिल्या आणि काउंटरवर मोठ्यानं वाचल्या:

अंगठा माझा खानापुरी,
उमटला कसा दूरवरी?
साहेब, तुमची मशीन न्यारी,
मला न पाहता पैसे वारी!
उसाचं बिल गेलं चोरा घरी,
'उद्या या' म्हणता आम्हा दारी.

रांगेतली माणसं हसली, कॅशियरही हसला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा अर्जावर तारखेचा शिक्का पडला. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, तोंडी तक्रारीला काडीची किंमत नाही.

रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर एक रुपयाचाही भार नाही. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. साहेबांनी ते वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकलं.

महिना उलटला तरी उत्तर नाही, म्हणून आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलोय. त्याला फी नाही, वकील लागत नाही, शिक्क्याची पोच मात्र जोडावी लागते. ओव्याही जोडल्यात. मशीन कुणाचं, कुठल्या गावातलं, तिथं अंगठा कुणी टेकवला, याचं लेखी उत्तर मला पाहिजे. आणि 27,300 रुपये.