सरकारी टेंडर, बिल्डरचे काम की मोठ्या कंपनीचे पोटकंत्राट? नव्या कंत्राटदारासाठी तुलना

सिव्हिलची पदविका किंवा पदवी घेऊन चार-पाच वर्षे साइटवर काढलेली बरीच मुले सध्या स्वतःची फर्म काढण्याच्या विचारात आहेत. हाताशी वीस-पंचवीस लाख, घरच्यांचा थोडा आधार आणि विश्वासातला एखादा मुकादम एवढे भांडवल असते. मग प्रश्न येतो की पीडब्ल्यूडी आणि जिल्हा परिषदेची टेंडरे भरायची, बिल्डरच्या इमारती घ्यायच्या, की महामार्ग बांधणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीकडून पोटकंत्राट घ्यायचे. तिन्ही वाटांनी वर आलेली माणसे आहेत आणि तिन्ही वाटांवर बुडालेलीही आहेत.

बातम्यांत दिसणारे चित्र चांगले आहे, आणि ते खोटे नाही. केंद्राचा भांडवली खर्च 2019-20 मध्ये साडेतीन लाख कोटींच्या आत होता. 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 11.21 लाख कोटी धरले गेले. आपल्याकडे अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. देशात शेतीच्या खालोखाल सर्वाधिक हातांना काम देणारे क्षेत्र बांधकामाचेच. पण खर्च केलेला रुपया कंत्राटदाराच्या खात्यात किती महिन्यांनी परत येतो, हे या आकड्यांत कुठेच दिसत नाही. लहान कंत्राटदार तरतो किंवा बुडतो तो या महिन्यांवर. म्हणून मी तिन्ही पर्याय नफ्याच्या टक्क्यापेक्षा पैसे परत येण्याच्या मुदतीवर तोलणार आहे.

सरकारी काम: पैसे बुडत नाहीत, पण कधी मिळतील?

सरकारी कामाची जमेची बाजू मोठी आहे. काम मिळवायला ओळखीपेक्षा कागद लागतात, आणि नवख्यासाठी राखीव वाटाही आहे. महाराष्ट्रात छोट्या कामांच्या वाटपात 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि 34 टक्के खुल्या कंत्राटदारांना, अशी विभागणी आहे. बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेल्या मुलाला पहिले काम इथे मिळू शकते. शिवाय त्या कामाचा दाखला पुढच्या टेंडरला लावता येतो.

अडचण सुरू होते ती कार्यारंभ आदेशानंतर. सोपे उदाहरण घेऊ. जीएसटी सोडून अंदाजपत्रक 1 कोटीचे आहे. स्पर्धा तीव्र, म्हणून तुम्ही 15 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, भरता. काम 85 लाखांना मिळते. नीट, प्रामाणिक काम करायला 75 लाख लागतात. कागदावर 10 लाख सुटले. आता या 75 लाखांपैकी 15 लाख तुमचे आणि 60 लाख बँकेचे, पतसंस्थेचे आणि खडी-सिमेंटवाल्याच्या उधारीचे आहेत. व्याज सरासरी 12 टक्के धरा. बिल वर्षभर अडकले तर 7 लाख 20 हजार व्याजातच गेले आणि हाती उरले 2 लाख 80 हजार. दीड वर्ष अडकले तर व्याज 10 लाख 80 हजार, म्हणजे काम उत्तम करूनही तोटा.

ही भीती काल्पनिक नाही. राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी 2025 मध्ये वेगवेगळ्या खात्यांकडची थकबाकी 90 हजार कोटींच्या घरात असल्याचा दावा करून आंदोलने केली. निवडणुकीच्या वर्षात प्रशासकीय मान्यता भराभर निघतात, कामे सुरू होतात, आणि तरतूद मात्र त्याच्या काही अंशच असते. जलजीवन मिशनचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. 2024-25 मध्ये केंद्राने योजनेला 70 हजार कोटींच्या वर तरतूद दाखवली, आणि सुधारित अंदाजात ती 23 हजार कोटींच्या खाली आणली. पुढच्या अर्थसंकल्पात योजनेला 2028 पर्यंत मुदतवाढ मिळाली. पण ज्यांनी टाक्या बांधून पाइप गाडले होते, त्यांचे हप्ते त्या मधल्या काळातही चालूच होते. गावाला पाणी देणाऱ्या माणसाने सावकाराच्या दारात उभे राहावे, हे मला अन्यायाचे वाटते, आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे.

म्हणून टेंडर भरण्याआधी लेखाशीर्ष, म्हणजे काम सरकारच्या कोणत्या खर्चाच्या हेडमधून निघाले तो क्रमांक, बघायला शिका. 2515 ची गावातली सिमेंट रस्ते-सभामंडपाची कामे, 3054 ची देखभाल दुरुस्ती आणि 5054 ची रस्ते-पुलांची भांडवली कामे या सगळ्यांची बिले एकाच वेगाने निघत नाहीत. त्या हेडला यंदा तरतूद किती, आधीची देणी किती, मार्चमध्ये निधी किती आला, हे विभागीय कार्यालयाच्या लेखा शाखेत नियमित जाणाऱ्या कंत्राटदाराला ठाऊक असते. चहा पीत अर्धा तास त्याच्याशी बोललात, तर दहा जाहिराती वाचून कळणार नाही ते कळेल.

बिलातून काय काय कापले जाते तेही धरून चाला. आयकराचा टीडीएस (व्यक्तीला 1 टक्का, फर्मला 2), अडीच लाखांवरच्या कंत्राटाला जीएसटीचा टीडीएस 2 टक्के, बांधकाम कामगार उपकर 1 टक्का, सुरक्षा अनामत, आणि गौण खनिजाच्या (वाळू, खडी, मुरूम) पावत्या नसतील तर रॉयल्टी. यातले काही परत मिळते, पण नंतर. शिवाय बिल मंजूर झाले म्हणून इनव्हॉइस काढले आणि पैसे आले नाहीत, तरी पुढच्या महिन्यात जीएसटी भरावाच लागतो.

बिल्डरचे काम: पैसे लवकर येतात, पण हमी कोणाची?

खासगी इमारतीत पैसे टप्प्याने मिळतात. प्लिंथ (जोते) झाला की एक हप्ता, मग प्रत्येक स्लॅबला एक. स्लॅब भरल्यावर आठ-पंधरा दिवसांत पैसे देणारा बिल्डर असेल, तर वीस लाखांच्या भांडवलावर वर्षात दोन-तीन इमारतींचे आरसीसी उभे राहते. सरकारी कामात तेच वीस लाख वर्षभर एका एमबीत (मोजमाप वहीत) अडकून पडू शकतात.

बहुतेक बिल्डर तुम्हाला विथ मटेरियल न देता लेबर रेटने, चौरस फुटाच्या भावाने काम देतील. त्याचे कारण करात आहे. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर जीएसटी 5 टक्के (परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का) झाला आणि बिल्डरचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करण्याची सोय) गेले. तुम्ही सळई-सिमेंटसह सगळ्या बिलावर 18 टक्के लावले, तर ते त्याच्या खर्चातच जातात. म्हणून माल तो स्वतः आणतो आणि तुमच्याकडून फक्त मजुरी घेतो.

नवख्यासाठी मी हे भाग्याचे मानतो. 2022 च्या एप्रिलमध्ये सळईचा भाव टनाला 75 हजारांच्या वर गेला होता. केंद्राला मे महिन्यात पोलादावर निर्यात शुल्क लावावे लागले, ते नोव्हेंबरमध्ये काढले. त्या वर्षी विथ मटेरियल ठरलेल्या भावात अडकलेल्यांचे हाल झाले. लेबर रेटवाल्याला भावाशी देणेघेणे नव्हते. वर्षाच्या आतल्या छोट्या सरकारी कामांनाही बहुधा भाववाढ मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, त्याचाही परिणाम दोन्हीकडे वेगळा आहे. सरकारी कंत्राटदार सिमेंटवर 28 भरायचा आणि बिलावर 18 लावायचा. क्रेडिट मिळत असल्यामुळे त्याचा खर्च फारसा घटला नाही, पण अडकून राहणारी रक्कम कमी झाली. बिल्डरला क्रेडिट नाही, त्यामुळे त्याचा खर्च खरोखर उतरला. लेबर रेट ठरवताना ही गोष्ट बोलून दाखवायला हरकत नाही.

धोका आहे तो विक्रीत. बिल्डर तुम्हाला ग्राहकाच्या पैशातून देतो. फ्लॅट विकले गेले नाहीत की चौथ्या स्लॅबनंतर काम ‘थोडे हळू घ्या’ असा निरोप येतो, आणि त्यानंतर येतो तो बिलाच्या बदल्यात फ्लॅट घेण्याचा प्रस्ताव. भाव तो सांगेल तो, स्टँप ड्यूटी तुमची. मजुरांचा आठवड्याचा पगार फ्लॅटमधून देता येत नाही. ज्याच्याकडे रोख शिल्लक नाही, त्याने हा प्रस्ताव स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे.

चांगली गोष्ट अशी की इथे तपासणीचे साधन आहे. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात. जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठीच, काम जितके झाले त्या प्रमाणात ते काढता येतात. त्यामुळे बऱ्यापैकी बुकिंग झालेल्या प्रकल्पात कंत्राटदाराचे पैसे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पळवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडा. किती सदनिका, किती बुक झाल्या, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, पूर्णत्वाची तारीख आधी किती वेळा वाढवली, हे सगळे तिथे असते. ग्राहक हे बघतो. कंत्राटदार सहसा बघत नाही, आणि बिल्डरच्या गाडीकडे बघून दर ठरवतो.

बाजाराचा कलही समजून घ्या. मुंबई-पुण्यात विक्रीचा जोर महागड्या घरांकडे सरकला आहे आणि छोट्या, स्वस्त घरांचा वाटा घटला आहे. तिथे फिनिशिंगची अपेक्षा वाढते, उंची वाढते, अल्युमिनियम फॉर्मवर्क (काँक्रीट ओतायचे साचे) येते, आणि लाकडी सेंटरिंग घेऊन आलेला नवा कंत्राटदार बाहेर राहतो. तालुक्याच्या गावी चार-पाच मजली इमारती, बंगले आणि रो-हाऊस अजून त्याच्या आवाक्यातले आहेत.

पोटकंत्राट: शिकायला उत्तम, टिकायला अवघड

मोठ्या कंपनीकडे सहसा आधी अनामत भरावी लागत नाही, मोजमाप दरमहा होते, काही वेळा डिझेलही त्यांचेच असते. गुणवत्ता तपासणी, सुरक्षा, नोंदी ठेवणे हे इथे शिकायला मिळते तसे कुठे मिळत नाही.

पण वरून येणारा ताण खाली उतरतो. राष्ट्रीय महामार्गांची बांधणी 2023-24 मध्ये 12,349 किलोमीटर होती, 2024-25 मध्ये 10,660. नवी कामे देण्याचा वेग त्याआधीच मंदावला होता. कामे कमी आणि कंपन्या तेवढ्याच, म्हणून कमी दराने बोली लागते. त्यातच हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत सरकार बांधकामाच्या काळात 40 टक्केच देते. उरलेले 60 टक्के कंपनीला उभे करावे लागतात आणि ते पुढच्या 15 वर्षांत हप्त्यांनी परत येतात. कंपनीची रोकड अडली की सर्वांत आधी पोटकंत्राटदार थांबतो. करारात ‘आम्हाला पैसे मिळाल्यावर तुम्हाला’ अशा अर्थाचे बॅक टू बॅक कलम असेल, तर सरकारी कामाचा सगळा उशीर तुमच्याकडे येतो आणि सरकारी कामाची सुरक्षितता मात्र येत नाही. एकाच कंपनीच्या भरवशावर हप्त्याने टिपर घेण्याचे धाडस करू नका.

व्याजदर आणि मजूर

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 या काळात 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आला. बँकेतले 50 लाखांचे कॅश क्रेडिट (लागेल तसे वापरायचे कर्ज) पूर्ण वापरात असेल तर वर्षाला जास्तीत जास्त साडेबासष्ट हजार वाचतात. हेच 50 लाख 10 टक्क्यांनी सहा महिने अडकले, तर अडीच लाख जातात. आणि पतसंस्थेचा दर रेपोबरोबर आपोआप उतरत नाही.

मजुरांची टंचाई तिन्हीकडे आहे. बिहार, झारखंड, बंगालची माणसे छठ-दिवाळीला गेली की साइट महिनाभर अर्धी होते. उचल देऊन टोळी बांधावी लागते, आणि ती उचल तुमच्याच वीस लाखांतून जाते. बिल्डरच्या कामात याचा फटका जास्त, कारण स्लॅब लांबला की हप्ताही लांबतो.

मग कोणी काय घ्यावे

भांडवल पंचवीस लाखांच्या आत असेल आणि बँकेची कर्जमर्यादा मिळालेली नसेल, तर पहिली दोन-तीन वर्षे तालुक्याच्या ठिकाणी लेबर रेटची खासगी कामे घ्या, दोन वेगवेगळ्या बिल्डरकडे. सोबत बेरोजगार अभियंता नोंदणीतून वर्षाला एखादेच छोटे सरकारी काम करा, तेही दाखल्यासाठी, आणि त्यातले पैसे वर्षभर येणार नाहीत असे समजून. घरची खडी क्रशर असेल किंवा साठ-सत्तर लाख वर्षभर अडकले तरी घर चालेल अशी ऐपत असेल, तर सरकारी काम तुमच्यासाठी जास्त चांगले, कारण उशीर सोसू न शकणारे बाजूला झाले की बिलोचा टक्काही आटोक्यात येतो. पोटकंत्राट मात्र मी फक्त त्यालाच सुचवेन, ज्याला पुढे मोठे रस्ते-पूल करायचे आहेत, आणि तेही यंत्रे भाड्याने घेऊन.

बिल्डरबरोबर साध्या कागदावर का होईना, करार करा. त्यात हप्त्याचा टप्पा, टप्पा झाल्यापासून किती दिवसांत पैसे, आणि तेवढ्या दिवसांत आले नाहीत तर काम थांबवण्याचा तुमचा हक्क, ही तीन वाक्ये असू द्या. लघुउद्योगांसाठीचा 45 दिवसांचा नियम आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नका. बांधकामाची कंत्राटे त्यात बसत नाहीत, असे मत न्यायालयांनी दिलेले आहे. सही करण्याआधी वकिलाला विचारा. त्याची फी एका स्लॅबच्या हप्त्यापुढे किरकोळ असते.