आमच्या पेशंटांचं रेकॉर्ड ओलीस कसं राहिलं

दोन डॉक्टर, एक ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी व्यक्ती) आणि रिसेप्शनला एक जण, एवढाच आमचा डोळ्यांचा दवाखाना. फसवणारे नेमके याच आकाराचे दवाखाने हेरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. मोठ्या हॉस्पिटलात आयटी विभाग असतो, करार वाचणारी माणसं असतात. आपण ओपीडी संपल्यावर थकलेल्या डोळ्यांनी डेमो बघतो आणि सही करतो.

पेशंटांचं रेकॉर्ड ठेवायचं सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस सांगत होता की ते त्याच्या कंपनीनं स्वतः, खास नेत्रतज्ज्ञांसाठी बनवलं आहे. डेमो खरोखर चांगला होता. उजवा आणि डावा डोळा शेजारी-शेजारी, दृष्टी, चष्म्याचा नंबर, डोळ्यातलं प्रेशर, स्लिट लॅम्पच्या (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या) नोंदी, रेटिनाचं चित्र काढायला जागा, सगळं एकाच पानावर. मागच्या भेटीच्या नोंदी एका क्लिकवर समोर. दर युजरमागे वार्षिक परवाना, करार ३ वर्षांचा, पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच. सर्व्हर त्यांच्याकडे, बॅकअप त्यांच्याकडे, ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडे. "मॅडम, तुम्ही फक्त पेशंट बघा," हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. करारात सुरक्षेवर मोठा परिच्छेद होता. करार संपल्यावर रेकॉर्ड आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळेल, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती, आणि ती नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी चष्म्याच्या प्रिंटमध्ये घोळ सुरू झाला. स्क्रीनवर सिलिंडर, म्हणजे तिरप्या नंबराचा आकडा, उणे दिसायचा, कागदावर मात्र उणे चिन्ह गळून जायचं. हे बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. −१.०० स्फेरिकल (साधा नंबर), −१.०० सिलिंडर, ॲक्सिस (तिरप्या नंबराची दिशा, अंशांत) १८० हाच नंबर −२.०० स्फेरिकल, +१.०० सिलिंडर, ॲक्सिस ९० असाही लिहिता येतो. दोन्ही एकच. पण पहिल्यातलं फक्त सिलिंडरचं चिन्ह गळालं की चष्मा साफ वेगळा बनतो. एका चष्मेवाल्यानं फोन करून विचारलं म्हणून आम्हाला कळलं. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक प्रिंटवर उणे चिन्ह पेनानं काढायला लागलो.

दुरुस्तीसाठी विक्रेत्यानं जवळजवळ वर्षभराच्या परवान्याइतकी रक्कम मागितली. कारण काय, तर "आमच्या मूळ इंजिनमध्ये बदल करावा लागेल."

त्याच महिन्यात आमच्याकडे नवी ऑप्टोमेट्रिस्ट आली. पहिल्याच दिवशी तिनं लॉगिनच्या पानाकडे पाहिलं, मग वर ब्राउझरच्या पत्त्याकडे. पत्त्यात इंटरफेस, लॉगिन आणि शेवटी 'साइट, डिफॉल्ट' असे शब्द होते. ती म्हणाली, "मॅडम, हे ओपनईएमआर आहे, पेशंटांच्या रेकॉर्डचं मुक्त सॉफ्टवेअर. आधीच्या ठिकाणी आम्ही हेच वापरायचो. फुकट मिळतं." मी म्हटलं, तुझी काहीतरी गल्लत होते आहे. तिनं घरी ओपनईएमआर उतरवून घेतलं, दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणला आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवले. डोळ्यांच्या तपासणीचा फॉर्म तोच, चौकटींचा क्रमही तोच. फरक रंगाचा आणि लोगोचा. तो फॉर्म ओपनईएमआरमध्ये मुळातच आहे आणि एका नेत्रतज्ज्ञानं तयार करून सगळ्यांसाठी दिलेला आहे.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण रागाच्या भरात मीही सुरुवातीला चुकीचंच बोलत होते. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे जे कोणालाही वापरता आणि बदलता येतं ते, बसवून देण्याचे, शिकवण्याचे, सांभाळण्याचे पैसे घेणं ही फसवणूक नाही. ओपनईएमआर ज्या जीपीएल परवान्याखाली येतं, त्यात विकायलाही मनाई नाही. चांगलं काम करणारे लोक असे पैसे घेतात आणि ते त्यांच्या कष्टाचे असतात. पण हा परवाना मूळ लेखकांच्या हक्काच्या नोंदी पुसू देत नाही. ज्याला प्रत दिली त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मिळण्याचा हक्क देतो आणि त्यावर आणखी बंधनं घालू देत नाही. यात एक पळवाट आहे, ती माहीत असू द्या: सॉफ्टवेअर विक्रेत्याच्याच सर्व्हरवर चालत असेल आणि तुम्ही फक्त ब्राउझरमधून वापरत असाल, तर जीपीएलच्या दृष्टीनं त्यानं तुम्हाला प्रत दिलेलीच नसते. मग सोर्स कोड मागण्याचा तुमचा हक्क लंगडा पडतो. आमचं नेमकं हेच झालं होतं. तो खोटं बोलला ते "आम्ही बनवलं" म्हणताना. त्याहून मोठा घात त्यानं केला तो चाव्या स्वतःकडे ठेवून.

मी विक्रेत्याला फोन केला आणि सरळ विचारलं. त्यानं नाकारलं नाही, आवाज चढवला. पुढचा हप्ता मी प्रिंटच्या दुरुस्तीपर्यंत थांबवते म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी लॉगिनच्या पानावर एकच ओळ होती: परवाना संपला आहे, संपर्क साधा. करार संपायला अजून कितीतरी महिने होते. लॉगिनवर तारीख तपासणारी अशी अट मूळ ओपनईएमआरमध्ये नाही, ती यानं घातलेली होती.

बाहेर पेशंट बसलेले. पहिले आत आले ते काचबिंदूचे एक आजोबा. प्रेशर मोजलं, दोन्ही डोळ्यांत १९. आता १९ हा आकडा नुसता पाहिला तर सर्वसाधारण मर्यादेतला आहे. पण काचबिंदूत एकट्या आकड्याला अर्थ नसतो. औषध चालू असताना यांचं प्रेशर १३ असायचं की १८, टार्गेट किती ठरवलं होतं, ड्रॉप्स कधी बदलले, हे सगळं त्या बंद पानामागे होतं. आजोबांनी खिशातून ड्रॉप्सची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं?" मी त्यांना आठवड्यानं परत बोलावलं. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याच्या नसेचं काय होतंय, याची काळजी माझ्या डोक्यातून गेली नाही.

पैसे भरले. दुसरा मार्ग नव्हता. भरताना लेखी मागणी केली की आमचं सगळं रेकॉर्ड आम्हाला द्या. आल्या त्या पीडीएफ फाइली, प्रत्येक पेशंटची एक. वाचता येतात, पण त्यातून प्रेशरचा आलेख निघत नाही आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही भरताही येत नाही. "डेटा एक्सपोर्ट मिळेल" असं कोणी म्हणालं तर कशात मिळेल ते आधी विचारा. पूर्ण डेटाबेसची, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे साठतात त्या तक्त्यांची, प्रत हवी.

वकिलाच्या पत्रानंतर डेटाबेसची फाइल आली, आणि मागाहून फंडसचे (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचे) फोटो आणि स्कॅन केलेले रिपोर्ट असलेला फोल्डर. आम्हाला वाटलं सुटलो. एकही फोटो उघडेना. ओपनईएमआर कागदपत्रं साठवताना ती एन्क्रिप्ट करतं, म्हणजे किल्लीशिवाय उघडता येणार नाहीत अशी ठेवतं, आणि ते चांगलंच आहे. त्याच्या किल्ल्यांचा एक भाग डेटाबेसमध्ये असतो, दुसरा डिस्कवर, कागदपत्रांच्याच फोल्डरच्या पोटातल्या एका लहानशा फोल्डरमध्ये. तेवढाच लहानसा फोल्डर त्यानं दिला नव्हता. चुकून राहिला की मुद्दाम, मी सिद्ध करू शकत नाही. मागितला तर उत्तर आलं की जुना सर्व्हर पुसला. म्हणून सांगते, बॅकअप म्हणजे डेटाबेस अधिक पूर्ण कागदपत्रांचा फोल्डर, दोन्ही एकाच वेळचे. ॲडमिनच्या मेनूत बॅकअपची सोय आहे, आणि ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे असेल तर ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून वापरता येते. घेतलेला बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एखाद्या पेशंटचा फोटो दिसतो का, तेही बघा. आम्ही एकदा जरी बघितलं असतं तरी हे कळलं असतं.

डेटाबेस उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आवृत्ती ५.०.२ होती, म्हणजे कित्येक वर्षं जुनी. २०२३ च्या जानेवारीत सुरक्षा संशोधकांनी जाहीर केलं होतं की ७.०.० च्या आधीच्या ओपनईएमआरमधल्या त्रुटी जोडून बाहेरचा माणूस सर्व्हर ताब्यात घेऊ शकतो. ७.०.० आधीच आलेली होती, तीही फुकट. आम्ही देखभालीचे पैसे भरत होतो आणि आमच्या पेशंटांची नावं, पत्ते, आजार अशा उघड्या दारामागे पडून होते. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

ऑप्टोमेट्रिस्टनं आधी ५.०.२ च बसवून त्यात डेटाबेस भरला, मग नव्या आवृत्तीवर नेला. चष्म्याच्या प्रिंटची दुरुस्ती तिच्या ओळखीच्या एका मुलानं एका संध्याकाळी केली, त्याला आम्ही पैसे दिले आणि ते देताना समाधान वाटलं. "मूळ इंजिन" कुठेच नव्हतं, प्रिंटच्या साच्यातली एक ओळ होती. सर्व्हर आता आमच्या नावावर आहे आणि पासवर्ड दोघा डॉक्टरांकडे सीलबंद पाकिटात.

तक्रार दाखल केली आहे, निकाल लागलेला नाही. फंडस कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर शेवटच्या काही महिन्यांचे फोटो शिल्लक होते, ते रोज ओपीडीनंतर थोडे थोडे भरतो आहोत. आजोबांचा प्रेशरचा आलेख परत दिसायला लागला: ड्रॉप्स सुरू केल्यापासून १३, १४, १३, आणि त्या दिवशीचे १९. औषध बदललं. त्यांच्या नसेचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो मात्र त्या न उघडणाऱ्या फायलींमध्येच आहे.