सिग्नल, प्रोटॉन मेल आणि ब्रायर: काही महिने वापरल्यानंतर

मेल किंवा संदेश गुप्त ठेवण्याचं ॲप चालवणारी कंपनी प्रामाणिक आहे का, हे मला बाहेरून कळणार नाही. उद्या कोर्टाचा आदेश आला तर तिच्याकडे द्यायला काय असेल, हे मात्र तपासता येतं. तिन्ही ॲप मी याच कसोटीवर पाहिली.

प्रोटॉन मेल ही स्विस ईमेल सेवा वापरायला छान. साठवलेली मेल त्यांनाही उघडता येत नाही. पण २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून त्यांना एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून माणूस शोधता येतो) नोंदवून द्यावा लागला. मजकूर सुरक्षित राहिला, माणूस सापडला. त्यानंतर वेबसाइटवरचा आयपी नोंदवत नसल्याचा दावा बदलला गेला. स्विस नावावर भिस्त ठेवणाऱ्यांनी क्रिप्टो एजीही आठवावी: देशोदेशीच्या सरकारांना संदेश गुप्त ठेवणारी यंत्रं विकणारी ही स्विस कंपनी १९७० पासून सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याच्या मालकीची होती, हे २०२० मध्ये बाहेर आलं. आणखी एक, प्रोटॉनमध्ये मेलचा विषय एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल असा कुलूपबंद होत नाही. म्हणून विषयाच्या जागी मी फक्त 'कागदपत्रं' लिहिते.

रोजच्या बोलण्यासाठी सिग्नल. २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांना समन्स आलं, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. माझा विश्वास बसला तो यामुळे. ताई आणि मी शेजारी बसून सेफ्टी नंबर जुळवला; दोघींच्या फोनवर तो सारखा असला, तर मध्ये कुणी तिसरा नाही. साठ आकडे, पाच-पाचच्या गटांत. ती वाचत गेली, मी माझ्या स्क्रीनवर बोट फिरवत गेले. क्यूआर स्कॅन करूनही होतं, पण आकडे वाचल्यावर आपण नेमकं काय तपासतोय ते तिला पटलं. ताईने फोन बदलला तेव्हा सेफ्टी नंबर बदलल्याची सूचना आली आणि तिने आपणहून मला फोन केला. खटकतं ते एवढंच, की खातं उघडायला अजून मोबाइल नंबर लागतो. २०२४ पासून युजरनेम आल्याने तो समोरच्याला दाखवावा लागत नाही, हे बरं झालं.

ब्रायरमध्ये मधला सर्व्हरच नाही. इंटरनेट असेल तर टॉर या पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कमधून, नसेल तर जवळच्या फोनला ब्लूटूथ किंवा वायफायवरून संदेश जातो. त्याची किंमतही आहे: दोघं एकाच वेळी ऑनलाइन हवेत, नाहीतर आलेले संदेश धरून ठेवणाऱ्या ब्रायरच्या मेलबॉक्स ॲपसाठी वेगळा फोन सतत चालू ठेवायचा. पासवर्ड विसरलात तर खातं गेलंच. आयफोनवर ते चालत नाही, त्यामुळे ताईशी सिग्नलवरच बोलते.