सकाळी लग्न, संध्याकाळी मदतीची मैफल: दादरच्या एका मंगल कार्यालयाचा अनुभव

दादर पश्चिमेच्या या मंगल कार्यालयात जेवण उत्तम मिळते, ठरलेला शब्द पाळला जातो आणि लग्नासाठी ते निःशंकपणे घ्यावे. गाण्याच्या कार्यक्रमासाठी घ्यायचे असेल तर ध्वनिव्यवस्था मात्र आपली आपण आणावी, असे माझे मत आहे. माझ्या मैत्रिणीचे लग्न सकाळच्या मुहूर्तावर येथे लागले आणि संध्याकाळी, नेहमीच्या स्वागतसमारंभाऐवजी, याच सभागृहात तिकीट लावून नाट्यगीते व भावगीतांचा मदतीचा कार्यक्रम झाला, त्यामुळे एकाच वास्तूची दोन्ही कामांसाठीची पारख करता आली. ज्यांना आहेर करायचाच असेल त्यांनी त्याऐवजी संध्याकाळचे तिकीट घ्यावे, अशी विनंती पत्रिकेतच होती. जमलेली रक्कम, परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांच्या व त्यांच्या नातेवाइकांच्या राहण्याची सोय करणाऱ्या एका न्यासासाठी होती.

प्रथम जेवणाविषयी, कारण या कार्यालयाची खरी पुण्याई स्वयंपाकघरात आहे. बुफे आणि पंगत असे दोन्ही पर्याय मिळतात. वधूपक्षाने पंगत निवडली आणि ती निवड योग्य ठरली. मसालेभात मोकळा होता, अळूच्या भाजीत दाणे आणि मुळा दोन्ही जागच्या जागी होते, मठ्ठ्याला आले-मिरचीची चव असूनही तो घशाला लागत नव्हता, आणि जिलेबी पानात पडेपर्यंत गरम होती, जे मोठ्या पंगतीत सहसा साधत नाही. वाढपी आग्रह करत होते, पण नको म्हटल्यावर पुढे सरकत होते. पानात टाकून दिलेले अन्न त्यामुळेच कमी दिसले. वरणभातावरचे तूप साजूक होते, हे वासावरूनच कळत होते. एकच उणीव सांगायची तर कोशिंबीर शेवटच्या पंगतीपर्यंत पाणचट झाली होती.

मदतीचा प्रयोग ही मुंबईला नवी गोष्ट नव्हे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या गायक-नटांनी आपापल्या नाटक मंडळ्या एकत्र आणून ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा ‘संयुक्त’ प्रयोग १९२१ साली याच शहरात, स्वातंत्र्यचळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी केला होता. परंतु तो नाटकासाठीच बांधलेल्या थिएटरात झाला; मंगल कार्यालयाची बांधणी वेगळ्या हेतूने केलेली असते आणि संध्याकाळच्या बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच होते. येथील जमीन व भिंती गुळगुळीत फरशीच्या आहेत, ज्या धुवायला सोप्या असल्या तरी आवाज शोषून घेत नाहीत. मंगलाष्टकांना याचा त्रास होत नाही, कारण अक्षता टाकणारे सगळे मिळून म्हणत असतात. गायिकेची तान मात्र मागच्या रांगांपर्यंत पोहोचताना आपल्याच पडसादात मिसळून जात होती. कार्यालयाचे स्पीकर निवेदनापुरते ठीक आहेत. तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, त्यांतून नुसता घुमत होता आणि हार्मोनियम गरजेपेक्षा पुढे येत होती. मध्यंतरात एका जाणकार पाहुण्यांनी मागचे दोन स्पीकर बंद करवले, तेव्हा पुष्कळ सुधारणा झाली. हे कार्यालयाच्या माणसाला आधी सुचायला हवे होते.

दुसरी गोष्ट वातानुकूलनाची. दुपारच्या जेवणानंतर यंत्रणा बंद केली होती आणि प्रेक्षक आत येऊ लागल्यावर ती एकदम चालू केली. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल पडते आणि कोरड्या गारव्यात चढते, त्यामुळे साथीदारांना पहिल्या दोन्ही गाण्यांनंतर हातोडी घेऊन पुन्हा सूर मिळवावा लागला. कार्यक्रमाच्या तासभर आधी सभागृह गार करून ठेवावे, अशी अट येथे मैफल करणाऱ्याने करारातच घालावी. स्वयंपाकघरातून येणारा भांडी घासण्याचा आवाजही पूर्वार्धात स्पष्ट ऐकू येत होता. दार लावून घेण्यास सांगितल्यावर तो लगेच थांबला, हेही नमूद करतो.

व्यवस्थापकांची जाण मात्र कौतुकास्पद वाटली. लग्नाच्या समारंभात वाजवल्या जाणाऱ्या संगीताला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तिकीट लावलेला संध्याकाळचा कार्यक्रम लग्नाच्या दिवशी असला तरी त्या सवलतीत बसेलच असे धरून चालू नये, याची कल्पना त्यांनी आरक्षणाच्या वेळीच दिली आणि गाण्यांच्या परवान्याची चौकशी करायला लावली. तिकीट ५०० रुपयांचे ठेवावे, कारण त्या रकमेपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही, हा सल्लाही त्यांचाच.

दाराशी देणगीसाठी वेगळे टेबल होते आणि तेथे न्यासाचे कार्यकर्ते बसले होते. तिकिटाच्या बदल्यात कार्यक्रम मिळत असल्याने ती रक्कम प्राप्तिकरात वजावट मिळणारी देणगी म्हणून दाखवू नये. त्याहून अधिक द्यायचे असल्यास वेगळी पावती घ्यावी, त्यासाठी पॅन क्रमांक द्यावा आणि २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये, कारण तशा देणगीवर वजावट मिळत नाही, असे तेथे ठळक मराठीत लिहून लावले होते. इतका सरळपणा मी अशा कार्यक्रमांत क्वचितच पाहिला आहे. रांग मात्र लांबली, कारण टेबल एकच होते आणि पावत्या हाताने लिहिल्या जात होत्या.

कार्यालय दादर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गाडी आणू नये, लावायला जागा मिळत नाही. रविवारचा मुहूर्त धरणाऱ्यांनी रेल्वेच्या मेगाब्लॉकचे (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याचे) वेळापत्रक पाहूनच वेळ छापावी. डोंबिवलीकडचे पाहुणे अंतरपाट दूर झाल्यावर पोहोचले. फुले स्थानकाजवळच्या बाजारातून स्वतः आणण्यास कार्यालयाची हरकत नाही आणि त्यात खर्च बराच वाचतो.

भाड्याची रक्कम ठरल्याप्रमाणेच घेतली गेली. सकाळ व संध्याकाळ ही दोन स्वतंत्र सत्रे धरली जातात आणि मधल्या वेळेतील सफाई दुसऱ्या सत्राच्या भाड्यात मोडते, हे आरक्षण करतानाच लेखी घ्यावे. अनामत रक्कम वधूच्या वडिलांना पुढच्याच आठवड्यात, विजेचे जादा युनिट वजा करून, हिशेबाच्या कागदासह परत मिळाली.