झाडकामाचा हार्नेस: दिवाळीपासून अर्ध्या पावसाळ्यापर्यंत वापरून

साताऱ्यात झाडं छाटायचं आणि उतरवायचं काम करणाऱ्यांकडे अजून बहुतेक ठिकाणी बांधकामावरचाच फुल बॉडी बेल्ट दिसतो. आमच्याकडेही तोच होता. बेल्ट वाईट नाही, पण तो पडणाऱ्याला झेलण्यासाठी केलेला आहे आणि त्याची मुख्य कडी पाठीवर असते. झाडावर तासन्‌तास लटकून दोन्ही हात मोकळे ठेवावे लागतात. पाठीला दोर लावलेला माणूस चेनसॉ काय चालवणार! म्हणून दिवाळीत खास झाडकामाचा हार्नेस, १२ मिलिमीटरचा दोर आणि प्रूसिक गाठीच्या दोऱ्या (ही गाठ मुख्य दोरावर हातानं सरकते, पण भार आला की आवळून धरते) असा संच मागवला.

घेताना लेबलवरचे आकडे वाचा. ईएन ही युरोपीय मानकं आहेत. ईएन 361 म्हणजे पडणं झेलणारा. ईएन 358 म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांनी जागेवर धरून ठेवणारा. ईएन 813 म्हणजे मांड्यांना पट्टे असलेला, ज्यात बसता येतं. झाडासाठी शेवटचे दोन्ही एकाच हार्नेसमध्ये हवेत. पुढच्या बाजूला ब्रिज असतो, म्हणजे आखूड दोराचा तुकडा आणि त्यावर सरकणारी कडी. अंग कुठंही वळवलं तरी ओढ मध्यावरच राहते. हा ब्रिज घासून झिजतो, त्यामुळे तो बदलता येतो का हे आधी विचारा.

खरा फायदा कळला तो मे महिन्यात, गुलमोहरावर. साताऱ्यात 1 मे ला गुलमोहर दिन साजरा होतो. त्यानंतर लगेच सदर बझार, गोडोली, शाहूपुरी इकडून पावसाळ्याआधीच्या छाटणीचे फोन सुरू होतात. झाड मूळचं मादागास्करचं, लाकूड ठिसूळ, फांद्या आडव्या आणि लांब. अशा फांदीच्या टोकाकडे जाऊन कापायचं असतं. आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे सरकून वरून, आणि वजन गेल्यावर उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता. तो फुगवटा राहिला तर जखम भरते. घाईत एकाच कापात फांदी सोडली तर साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेतलेला असला की फांदीवर भार न टाकता टोकाला जाता येतं. बेल्टवर हे जमतच नव्हतं, तेव्हा लोक बुंध्याजवळूनच सगळी फांदी उडवायचे. गोडोलीतल्या एका आजी खालून ओरडत होत्या, "बाळांनो, सावली तेवढी ठेवा रे!" यंदा ती खरोखर ठेवता आली.

बेचकं निवडायला वजनाची पिशवी बांधलेली बारीक दोरी वर फेकतो. दोर बसला की दोघांनी लोंबकळून बघायचं, मग चढायचं. ठेवायच्या झाडावर काटेरी बूट वापरायचे नाहीत, प्रत्येक पावलाला सालीत भोक पडतं.

पण सगळे दिवस गुलमोहराचे नसतात. नारळावर बेचकंच नाही, तिथं खोडाभोवती घेऊन कमरेच्या कड्यांना लावलेल्या नुसत्या कमरदोरीवर काम चालतं आणि एवढा जाड हार्नेस ओझं वाटतो. पाचगणीकडच्या सिल्व्हर ओकवर उलट मजा येते. सरळसोट खोड, शेंडा उतरवून खाली तुकडे सोडत यायचं, दिवसभर बसूनही मांडी बधिर होत नाही. वड आणि उंबर मात्र नको वाटतात. त्यांचा चीक दोराला लागला की प्रूसिक गाठ सरकत नाही, आणि जोर लावून सरकवली की दचके बसतात. दोर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा लागतो, त्यात एक दिवस जातो. भरभर खाली उतरलं तर घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉनची गाठ चकाकते, म्हणजे वितळायला लागलेली असते. अशी दोरी फेकून द्यायची.

आग्या मोहोळ उठलं की मात्र हाच दोर जीव वाचवतो. बुंध्याला धरून उतरण्यापेक्षा गाठ दाबून सरळ खाली येता येतं.

काही दिवशी हार्नेस खुंटीवरच राहतो. शहरातलं झाड तोडायचं तर 1975 च्या झाडे संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं धरतात. कागद फिरेपर्यंत गिऱ्हाईक आपल्यालाच फोन करतं! सांगलीत कृष्णाकाठी 2019 आणि 2021 च्या पुरानंतर कललेली, मुळाखालची माती गेलेली झाडं बघितलीत, तर तिथं कुठलाही हार्नेस कामाचा नाही. ज्याचा आधार घ्यायचा तेच झाड संशयित. अशा ठिकाणी क्रेन किंवा लिफ्टच. 11 केव्हीची लाइन जवळ असेल तर वीज बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय चढूच नका, ओला दोर वीज वाहून नेतो.

तक्रारी दोनच, पण मोठ्या. मांडीचा फोम पाणी पितो. पावसात काम केलं की दुसऱ्या दिवशी ओलाच अंगावर चढवावा लागतो, आणि घामाचा वास जात नाही. दुसरं, करवत अडकवायची कडी फार मागे आहे, हाताला लागत नाही. पाचपैकी चार देईन.

पैसे मोजके असतील तर हार्नेस मधल्या किमतीचा चालेल, दोर मात्र चांगला घ्या. कमरदोरी पोलादी गाभ्याची घ्या, चेनसॉची साखळी साधी दोरी क्षणात कापते. तारांजवळ पोलादी वापरू नका. जुना हार्नेस कुणी स्वस्तात देत असेल तर शिवणीत तुटलेला दोरा, जळल्याची खूण आणि लेबलवरची बनवल्याची तारीख बघा, लेबल नसेल तर घेऊच नका. मागवण्याआधी कंबर आणि मांडी कामाच्या जाड पँटवरून मोजा. आमच्याकडच्या सडपातळ पोराला मधल्या मापाचे पट्टे शेवटपर्यंत ओढूनही सैल बसतात, त्याच्यासाठी आता लहान माप मागवलंय.